अंधारखोली सातासमुद्रापार

परदेशी स्थायिक झालेल्या माणसाने अधूनमधून मायदेशी यावे, चार-सहा आठवडे हिंडावे, आणि ज्या गावांत व रस्त्यांवर आपण लहानाचे मोठे झालो त्यांची छायाचित्रे काढून परत जावे, हा प्रकार आज इतका सवयीचा झाला आहे की त्यालाही एक इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. या छायाचित्रणाबद्दल जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या आणि मायभूमीच्या ओढीच्या भाषेत लिहिले जाते. ओढ असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या छायाचित्रणाला जे रूप आले ते ओढीइतकेच फिल्मच्या रसायनाने, धुलाईच्या प्रयोगशाळांनी, परकीय चलनाच्या टंचाईने आणि परदेशी प्रकाशकांच्या हिशेबाने घडवले होते. चित्र टिपले जाई भारतात आणि ते प्रथम डोळ्यांना दिसे हजारो मैलांवर, कित्येकदा छायाचित्रकार परत गेल्यावर. या अंतराचा चित्रांवर काय परिणाम झाला हे पाहण्यासाठी छायाचित्रकार रघुबीर सिंह यांच्या कामाइतके भरघोस उदाहरण दुसरे नाही.

या अंतराचे महत्त्व कळण्यासाठी आधी शंभर वर्षे मागे जावे लागते. 1863 मध्ये भारतात आलेला इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न याने हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या आणि 1866 च्या तिसऱ्या मोहिमेत तो गंगोत्रीच्या हिमनदीच्या मुखापर्यंत पोहोचला. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेच्या तावदानावर चिकट द्रावण पसरून, ते चांदीच्या क्षारात बुडवून, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालावे लागे आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, धुऊन काढावे लागे. त्यामुळे अंधारखोली छायाचित्रकाराच्या सोबतच चाले: काळा तंबू, काचा, बाटल्या आणि त्या वाहणारे डझनावारी हमाल असा तो लवाजमा असे. बोर्न परका होता, सात वर्षांनी तो मायदेशी परतला, परंतु त्याचे चित्र मात्र जिथे काढले तिथेच, त्याच डोंगराच्या सावलीत, सिद्ध होत असे आणि बिघडले तर तिथल्या तिथे पुन्हा काढता येई. पुढे शतकभराने त्याच गंगेच्या काठाने एक भारतीय छायाचित्रकार खांद्यावर लहानसा कॅमेरा टाकून, एकही हमाल न घेता हिंडू लागला, तेव्हा उलट स्थिती निर्माण झाली होती: माणूस इथला, आणि अंधारखोली सातासमुद्रापार.

रघुबीर सिंह यांचा जन्म 1942 मध्ये जयपूरच्या एका सरदार घराण्यात झाला. स्वातंत्र्यानंतर राजस्थानातील जहागिऱ्या खालसा झाल्या, अशा घराण्यांचे वैभव ओसरले आणि त्या पिढीच्या मुलांना नोकरी-व्यवसायाचा मार्ग शोधणे भाग पडले. रघुबीर यांनी दिल्लीच्या हिंदू कॉलेजातले शिक्षण अर्धवट सोडले, कोलकात्यात चहाच्या कंपन्यांत नोकरी मिळवण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि ते छायाचित्रणाकडे वळले. आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे जयपूरवरील 1948 चे पुस्तक त्यांनी शाळकरी वयातच पाहिले होते. 1966 मध्ये तोच छायाचित्रकार जयपूरला आला असता त्याला प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधीही त्यांना मिळाली. स्वतःच्या गावाचे पहिले गंभीर चित्र एका परक्याच्या पुस्तकात पाहायला मिळावे, यात त्या काळाच्या दृष्टीने नवल असे काही नव्हते. कोलकात्याने त्यांना नोकरी दिली नाही, पण सत्यजित राय यांचा परिचय करून दिला, आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

सत्तरच्या दशकापासून सिंह यांचे वास्तव्य बव्हंशी भारताबाहेर राहिले: हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क. मात्र हाती घेतलेला विषय जवळजवळ नेहमी भारतच असे. वर्षामागून वर्षे ते येत, हिंडत आणि जात. त्यांची पुस्तके क्रमाने पाहिली की या येण्याजाण्याचा नकाशाच तयार होतो: 1974 मध्ये ‘गंगा’, 1975 मध्ये ‘कलकत्ता’, 1981 मध्ये ‘राजस्थान’, त्यानंतर काश्मीर, केरळ, बनारस, पुन्हा कोलकाता, पुन्हा गंगा, मग मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, तमिळनाडू. या यादीत स्वतःचा मुलूख आधी येत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजस्थानच्या पुस्तकाला राय यांनी प्रस्तावना लिहिली, ज्यांनी ‘सोनार केल्ला’ या 1974 च्या चित्रपटाचे चित्रण जैसलमेरला केले होते. म्हणजे जन्मभूमीवरच्या पुस्तकाच्या दारात उभा राहिला तोही बाहेरून येऊन ती भूमी पाहिलेला एक बंगाली.

आता त्या रसायनाकडे वळले पाहिजे, कारण बाहेर राहण्याची किंमत आणि लाभ दोन्ही त्यात दडलेले आहेत. सिंह प्रामुख्याने कोडॅक्रोम या फिल्मवर काम करीत. 1935 मध्ये बाजारात आलेली ही फिल्म निगेटिव्ह देत नसे, तर थेट स्लाइड, म्हणजे प्रकाशासमोर धरून पाहावयाचे पारदर्शक रंगीत चित्र, देत असे. इतर बहुतेक रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच आधीपासून घातलेली असतात. कोडॅक्रोममध्ये ती नसत. तिचे थर मुळात कृष्णधवलच असत आणि तिन्ही रंग धुलाईच्या वेळी, एकापाठोपाठ एक, बाहेरून चढवावे लागत. त्यामुळे रंग दाट, चित्र अतिशय रेखीव, आणि अंधारात नीट जपल्यास स्लाइड दशकानुदशके न विटणारी, असे तिचे गुण होते. परंतु ही धुलाई इतकी किचकट आणि यंत्रावलंबी होती की ती घरच्या न्हाणीघरात किंवा कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत होणे शक्यच नव्हते. जगभरात मोजक्याच प्रयोगशाळा ती करीत. मोठ्या अमेरिकी मासिकांची कामे करणाऱ्या छायाचित्रकाराला फिल्म मासिकाकडून मिळे, वापरलेली रिळे डब्यांत भरून मासिकाकडे रवाना होत, आणि ती धुऊन प्रथम पाहण्याचा मान कित्येकदा संपादकाला मिळे. चित्र काढणारा तेव्हा पुढच्या मुक्कामी असे.

भारतात राहून काम करणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट होती. परकीय चलनाची चणचण असल्याने आयातीवर कडक नियंत्रणे होती, परदेशी फिल्म महाग व दुर्मीळ असे, आणि 1960 मध्ये उदकमंडलमला स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याच्या ‘इंदू’ मालाचा भर कृष्णधवल फिल्मवर होता. त्या पिढीतील अनेक समर्थ भारतीय छायाचित्रकार कृष्णधवल माध्यमात रमले, त्यामागे कलादृष्टीबरोबर ही साधी अडचणही होती. रंग हवा असेल तर रीळ बाहेरचे, धुलाई बाहेरची आणि रंगीत पुस्तक छापणारा प्रकाशकही बहुधा बाहेरचाच, असा तो सगळा मामला होता. सिंह यांचे बाहेर राहणे या अर्थाने त्यांच्या माध्यमाचीच एक गरज होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या फिल्मची आणखी एक अट होती. तिची संवेदनक्षमता, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, फार कमी होती. सर्वसाधारण वापरातील प्रकाराला 64 हा अंक असे, आणि आजच्या मोबाइलमधील कॅमेरे संध्याकाळी सहज हजारांच्या घरात जातात हे पाहता तो किती तोकडा होता याची कल्पना येते. दुपारच्या स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ-8 वर ठेवले तर पडदा एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरता उघडून भागे आणि चालती माणसे थिजल्यासारखी स्पष्ट येत. तोच छायाचित्रकार सावलीच्या बोळात शिरला की प्रकाश सोळापटीने घटे, छिद्र एफ-2.8 पर्यंत मोठे करावे लागे, पडद्याचा वेळ दुप्पट करावा लागे, आणि छिद्र मोठे झाले की जवळची वस्तू स्पष्ट व मागची धूसर, असा परिणाम होई. अंदाज किंचित चुकला तरी स्लाइड एक तर करपल्यासारखी काळी किंवा धुतल्यासारखी फिकट येई, आणि निगेटिव्हप्रमाणे छपाईत सांभाळून घेण्याची सोयही नसे. छत्तीस चित्रांचे रीळ, फळ कळणार काही आठवड्यांनी, तोवर मुक्काम हललेला: या अटींखाली काम करणारा माणूस एकाच चित्रावर विसंबत नाही, आणि एकाच भेटीवर तर मुळीच नाही.

पुन्हा येणे हा त्यांच्या पद्धतीचा कणा झाला, त्याचे मूळ इथे आहे. 1967 मध्ये मुंगेरला गंगाकाठी काढलेले त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे: पावसात चिंब झालेल्या काही स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, ओली लुगडी अंगाला चिकटली आहेत, आणि मागे नदी आणि आभाळ यांचा रंग एकच झाला आहे. या चित्रात स्त्रिया मध्यभागी आहेत, बाकी सारे मागे हटलेले आहे. पाहणाऱ्याची नजर कुठे जावी याविषयी शंका नाही. 1975 मध्ये राजस्थानातील हथोद येथे झोक्यावरच्या मुलींचे जे चित्र त्यांनी काढले तेही असेच एका क्षणावर उभे आहे. त्यानंतर 1991 मध्ये हावड्याला, फुटपाथवर आरसे मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या दुकानाशी काढलेले चित्र पाहावे. आरशांत रस्ता आहे, रस्त्यावर माणसे आहेत, आरशाबाहेरही माणसे आहेत, खरे कोणते आणि प्रतिबिंब कोणते हे चौकटीच्या कडा तपासल्याशिवाय उमगत नाही, आणि मध्यभागी म्हणावे असे काहीच नाही. एकाच माणसाच्या या चित्रांमध्ये सुमारे पाव शतक आणि असंख्य येरझारा आहेत. गंगेवर त्यांनी 1974 आणि 1992 अशी दोन पुस्तके केली, कोलकात्यावर 1975 आणि 1988 अशी दोन. पहिल्या भेटींत घाट, स्नान, पूजा ही ओळखीची दृश्ये हाताशी लागणे स्वाभाविक होते, दुसऱ्या खेपेला त्यांच्या आजूबाजूची पायरी, तार, पोस्टर आणि हातगाडी चौकटीत हक्काने शिरली.

माहेरी आलेल्या लेकीला ओसरीचा उडालेला रंग घरच्यांच्या आधी दिसतो, तसे काहीसे परतून येणाऱ्या डोळ्यांचे होते. पण त्यांना आणखी एक मोह असतो, आणि तो अधिक घातक आहे. जे बदलले ते खटकते म्हणून चौकटीबाहेर ढकलावे आणि मनात जपलेला देश तेवढा टिपावा, ही चूक परतून येणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनी सर्रास केली. 1965 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या कुटुंबांतही सुट्टीच्या भेटीचे फोटो आणि स्लाइडचे डबे साठत गेले, आणि अशा घरगुती संग्रहांचा भर कुठेही असतो तसाच असे: ओळीने उभे राहिलेले नातेवाईक, वाड्याचे दार, देवदर्शन. त्या संग्रहांना कौटुंबिक मोल आहेच, मात्र त्यांत रस्ता क्वचित दिसतो. सिंह यांच्या पहिल्या पुस्तकांतही हा मोह अगदीच नाही असे नाही, राजस्थानच्या काही चित्रांत तर तो उघड आहे; त्यांचे मोठेपण त्यांनी तो टाळला यापेक्षा फेरीगणिक झिजवत नेला यात आहे.

स्वतःच्या रंगीत कामाचे समर्थन सिंह यांनी 1998 च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या संकलनाच्या प्रस्तावनेत सविस्तर केले. भारतीय दृष्टी रंगातच विचार करते, कृष्णधवल छायाचित्रणामागे पाश्चात्त्य मनातील अपराधभाव व एकाकीपण आहे, तो भारतीय परंपरेचा भाग नव्हे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारणे अवघड आहे. बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी काढलेली चित्रे, सत्तांतराच्या काळातील होमाई व्यारावाला यांची दिल्ली आणि रघु राय यांचे कितीतरी काम कृष्णधवल आहे, आणि त्याला अभारतीय म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु या मांडणीचा दुसरा अर्धा भाग अधिक भक्कम आहे. राजपूत आणि मुघल लघुचित्रांत एका पानावर एकाच वेळी अनेक घटना चाललेल्या असतात: सज्जात कोणी वाट पाहते, अंगणात कोणी घोडा धरून उभा असतो, तळ्यात बदके असतात, आणि नजर कोठूनही आत शिरू शकते. या परंपरेत वाढलेल्या डोळ्यांना मध्यबिंदू नसलेली चौकट परकी वाटत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील ली फ्रीडलँडर यांच्यासारख्या छायाचित्रकारांकडून सिंह यांनी तुटक, गर्दीची, प्रतिबिंबांनी भरलेली चौकट घेतली हे खरे, पण ती भारतात आणून ठेवताना तिला जुने घर मिळाले.

या दृष्टीने त्यांचे मुंबईवरचे 1994 चे पुस्तक सर्वांत परिपक्व मानावे लागते. त्यातील चित्रे मुख्यतः ऐंशीच्या दशकाच्या अखेरची आणि नव्वदच्या आरंभीची आहेत. म्हणजे गिरण्यांचा 1982 चा संप होऊन गेला आहे, 1991 चे आर्थिक धोरण येते आहे वा नुकतेच आले आहे, आणि 1992-93 च्या दंगली व बॉम्बस्फोट यांनी शहर हादरले आहे. हा काळ त्यांनी घोषणांतून किंवा मोर्च्यांतून फारसा दाखवला नाही. तो काचेतून दाखवला. केम्प्स कॉर्नरवरील चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून बाहेर पाहत काढलेले चित्र, झवेरी बाजारातील सराफाच्या शोरूमचे चित्र, अशा अनेक चित्रांत काच हीच खरी नायिका आहे: आतला झगमगाट आणि बाहेरचा फुटपाथ एकाच तावदानावर येऊन मिळतात, आणि दोघांतली दरी पाहणाऱ्याने स्वतः मोजायची असते. चौपाटीवरचे गणपती विसर्जन हा विषय पर्यटकांनी इतका वापरला आहे की तो टाळणेच शहाणपणाचे वाटावे, तरी तोही त्यांनी टाळला नाही. मुंबईत सारे आयुष्य काढणाऱ्या मराठी वाचकाने हे पुस्तक चाळले तर गिरणगावाच्या आणि चाळींच्या आतल्या जगण्याची अपेक्षा त्यात पुरी होणार नाही, कारण बाहेरून येणाऱ्याला रस्ता, बाजार आणि दुकान एवढेच मोकळेपणी मिळते. उंबऱ्याच्या आत जायला येरझारा नव्हे, मुक्काम लागतो.

या पुस्तकात प्रस्तावनेच्या जागी व्ही. एस. नायपॉल यांच्याशी झालेला संवाद आहे, आणि ती जोडी विचारपूर्वक जमवलेली दिसते. नायपॉल त्रिनिदादमध्ये जन्मले, त्यांचे पूर्वज मजूर म्हणून भारतातून तिकडे गेले होते, आणि 1964, 1977 व 1990 अशी भारतावरची तीन प्रवासपुस्तके त्यांनी लिहिली. पहिल्यातला संताप तिसऱ्यापर्यंत येताना बराच निवळला, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. एकाने लेखणीने आणि दुसऱ्याने कॅमेऱ्याने, दोघांनीही फेऱ्यांच्या संख्येवरच आपली समज उभारली. सिंह यांच्या या पुस्तकांची एक बाजू मात्र नजरेआड करता येत नाही: जाड कागदावरची ही महागडी रंगीत पुस्तके परदेशी वाचक डोळ्यांसमोर ठेवून निघाली होती, आणि ज्या फुटपाथवर ती चित्रे घडली तेथपर्यंत ती पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

सिंह यांच्या अखेरच्या मोठ्या कामाचा विषय अ‍ॅम्बॅसडर ही मोटार होता. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनणारी ही गाडी सरकारी अधिकाऱ्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांची होती, आणि सिंह यांनी देशभरातला मोठा प्रवास तिच्यातूनच केला. गाडीची खिडकी, उघडे दार, बाजूचा आरसा आणि समोरची काच यांनी एका चौकटीचे चार-पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात वेगळा देखावा बसतो, आणि प्रवासी स्वतः या सर्वांपासून एका पत्र्याने अलग राहतो. परतून येणाऱ्याची स्थिती दाखवायला याहून नेमके साधन मिळाले नसते. 1999 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिंह यांचे निधन झाले आणि हे पुस्तक 2002 मध्ये, त्यांच्या पश्चात आले. कोडॅक्रोमचे उत्पादन 2009 मध्ये थांबले, तिची धुलाई करणाऱ्या जगातील अखेरच्या, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील प्रयोगशाळेने 2010 च्या अखेरीस काम बंद केले, आणि 2014 मध्ये अ‍ॅम्बॅसडरही निघायची थांबली.

सिंह यांच्या प्रोत्साहनाने उभे राहिलेले एक काम मात्र दुसऱ्या वाटेने गेले आणि ते मुंबईचेच आहे. सूनी तारापोरवाला 1975 मध्ये मुंबईहून शिष्यवृत्ती मिळवून हार्वर्डला गेल्या, मध्येच सुट्टी घेऊन परत आल्या आणि स्वतःच्या पारशी आप्तांची कृष्णधवल छायाचित्रे काढू लागल्या. 1982 मध्ये सिंह यांनी ती पाहिली आणि यातून समाजावरचे पुस्तक होऊ शकेल असे सुचवले. पुढे ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्या तारापोरवाला परदेशातला मुक्काम आटोपून मुंबईतच राहिल्या, आणि ते पुस्तक 2000 मध्ये मुंबईतून निघाले. सिंह यांना जे उंबऱ्याबाहेरून पाहावे लागले ते इथे उंबऱ्याच्या आतून दिसते: आजी-आजोबा, दुपारची झोप, लग्नाची तयारी, अगियारीच्या बाहेर रेंगाळणारी माणसे. 2001 च्या जनगणनेत देशात 69,601 पारशी मोजले गेले आणि 2011 मध्ये 57,264. घरच्या माणसांचे फोटो म्हणून सुरू झालेला संग्रह अशा रीतीने एका आक्रसत चाललेल्या समाजाचा दस्तऐवज ठरला, आणि त्याची विस्तारित आवृत्ती 2004 मध्ये न्यूयॉर्कहून निघाली तेव्हा त्या चित्रांचा प्रवास सिंह यांच्या चित्रांच्या उलट दिशेने झाला होता: आधी घरी, मग परदेशी.